साडेतीन हात

आमचं बालपण दारव्ह्यात गेलं. अब्बा हंगामात जिनिंगमध्ये हमाली करायचे आणि पावसाळ्यात ठोक्याने घेतलेल्या दोन एकरांत राबायचे. आम्ही तिघं भावंडं. घरात वऱ्हाडी मिसळलेली दखनी, मकतबात अरबी, शाळा मात्र मराठी. पोरांना उर्दू शाळेत घालायला हवं होतं, असं अम्मीला कायम वाटायचं. अब्बांचं उत्तर ठरलेलं, "सातबारा मराठीत रहता."

वाचनालयात नाव घालायला गेलो तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमच्यात मराठी वाचतात?" त्यांच्या मनात वाईट काही नसावं, पण तो प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. तिघांत मिळून वर्गणी एकच, म्हणून पुस्तकही एकच मिळे. ह्यूगोची कादंबरी साने गुरुजींच्या 'दुःखी'तून वाचली, हेमिंग्वेचा म्हातारा पु. लं.च्या 'एका कोळियाने'तून भेटला. शेक्सपिअर शिरवाडकरांनी दाखवला. एकाचं वाचून होईपर्यंत दुसरा दाराशी उभा असायचा.

त्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच वर्षांनी सर्व्हान्तेसकडे सापडलं. हा माणूस १५७५ ते १५८० अशी पाच वर्षं अल्जिअर्समध्ये कैदेत होता. १६०५ साली आलेल्या 'डॉन किहोते'त तो सांगतो, की ही मूळ कथा सिदी हामेत नावाच्या अरब इतिहासकाराची. त्याचं हस्तलिखित टोलेडोच्या बाजारात मिळालं, आणि मनुका व गव्हाच्या मोबदल्यात एका मोरिस्कोने, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या स्पॅनिश मुसलमानाने, ते स्पॅनिशमध्ये उतरवून दिलं. हे सगळं लेखकानं रचलेलं. पण जगातल्या एवढ्या मोठ्या कादंबरीत आपला एक गरीब दुभाषा बसलेला आहे, हे वाचून आम्हाला कोण आनंद झाला! चारच वर्षांनी, १६०९ पासून, त्या मोरिस्कोंना स्पेनमधून हाकलायला सुरुवात झाली, हे कळल्यावर तो आनंद तेवढा राहिला नाही.

पण सांगायचं आहे ते टॉलस्टॉयबद्दल. माणसाला किती जमीन लागते, ही त्याची १८८६ मधली गोष्ट आम्ही एका रात्री अब्बांना वाचून दाखवली. वीज गेलेली होती. मराठीत वाचायचं आणि अडलं की दखनीत सांगायचं. पाहोम नावाचा शेतकरी बश्कीर लोकांच्या मुलखात जातो. एक हजार रुबल द्यायचे आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जेवढी जमीन पायाखाली घालता येईल तेवढी आपली. पाहोम धावत सुटतो, सांजेला परततो आणि कोसळून मरतो. शेवटी त्याला लागते ती कबरीपुरती, साडेतीन हात जागा.

बश्कीर मुसलमान, हे सांगितलं तेव्हा अब्बा खूश झाले होते. शेवट ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "इतनी जमीन तो मुर्दे कू लगती. जिंदे आदमी कू बच्चे रहते."

आम्ही हसलो. अब्बांना गोष्टच कळली नाही, असं वाटलं.

पुढल्या साली त्यांनी आणखी दोन एकर ठोक्याने घेतलं. पाऊस गेला, कपाशी वाळली, कर्ज अंगावर आलं. थोरल्याची शाळा दहावीला सुटली. आम्ही अब्बांना तोंडावर काही बोललो नाही, पण आपसांत त्यांचं नाव 'पाहोम' पडलं. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी काही विचारलं नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्‌घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांनी केलं. आम्ही मांडवात होतो. त्यांच्याकडे बघताना अब्बा आठवत होते. त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. गावी परतताना चेखवच्या कथांचं पुस्तक सोबत होतं. त्यातल्या १८९८ मधल्या 'गूजबेरी' कथेत एक पात्र जवळजवळ टॉलस्टॉयला उद्देशूनच म्हणतं, की तेवढी जागा प्रेताला लागते, माणसाला नाही. माणसाला अख्खी पृथ्वी हवी.

आम्ही पुस्तक मिटलं. अब्बांनी चेखव वाचला नव्हता. त्यांना सही तेवढी येत होती. चेखवलाही जमिनीचा हव्यास रुचत नव्हता, तो त्यापेक्षा मोठं काही मागत होता. अब्बा अख्खी पृथ्वी मागत नव्हते, चार एकर मागत होते, तेही ठोक्याने. पाहोमला हाव होती. अब्बांना तीन पोरं होती.

त्या वर्षी शब-ए-बरातला आम्ही कब्रस्तानात गेलो. बहीण फाटकाशी थांबली. दोघा भावांनी फातेहा पढली, कबरीवरचं गवत काढलं. परत आलो तेव्हा बहिणीने विचारलं, "माफी मांगी?"

आम्ही मान हलवली. घरापर्यंत कोणी काही बोललं नाही.