पत
लक्ष्मीपूजनाला आमचा वाणी चोपडीवर हळदकुंकू वाहत असे. त्या चोपडीत वडिलांची उधारी असे, तशी त्यांची पतही असे. माझी पत मात्र न्यू जर्सीत तीन आकड्यांत निघाली!

तिकडे घर भाड्याने देण्यापूर्वी 'क्रेडिट स्कोअर' पाहतात. ३०० ते ८५० च्या त्या मापात मी भरलो ५८०. नोकरी सुटली त्या वर्षी कार्डाची बिले थकली होती. हा डाग सात वर्षे पुसत नाही. अनामत जास्त देऊ म्हटले, तर तिथल्या कायद्याने दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. तीन ठिकाणी नकार आला. बायको काहीच बोलली नाही. तेच अधिक लागले.

चौथ्या घराच्या म्हाताऱ्या मालकिणीने कागद पाहिला, चष्मा काढला आणि विचारले, "घरभाडे कधी थकवलेत?"

"एकदाही नाही."

त्या आकड्यात बहुधा भाड्याची नोंदच नसते! बाईंनी माझ्या जुन्या घरमालकाला फोन लावला, दोन मिनिटे ऐकून घेतले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

यंदा त्या दारात पणती लावताना मला आमचा वाणी आठवला. चोपडी मिटून तोही असाच वडिलांच्या तोंडाकडे पाही.