आमच्या हरकाऱ्याचा पोशाख

वस्त्रांवरून माणसाची पारख करूं नये, हा उपदेश आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. परंतु ज्या माणसास आपणच कागदावर जन्म दिला, त्याची पारख वाचकानें करावी तरी कशावरून? तो अद्याप एक शब्दही बोललेला नसतो. प्रथम दिसतो तो त्याचा पोशाख, आणि पोशाखांतही प्रथम दिसतो तो रंग.

वर्गाच्या हस्तलिखितासाठीं आम्हां तिघांनीं एक चित्रकथा रचण्याचें योजिलें. नायक कोणत्याही पुस्तकांतून उसना घ्यावयाचा नाहीं, असा आमचा निश्चय होता. जुन्या काळीं घाटावरून कोंकणांत टपाल नेणारा, खांद्यावर थैली व हातीं घुंगुरकाठी घेतलेला एक हरकारा आम्हीं कल्पिला व त्याचें नांव राघू ठेविलें. डोक्यास मुंडासें, अंगांत बंडी, आखूड धोतर व पाठीवर घोंगडी एवढाच त्याचा पोशाख. घोंगडी काळी व धोतर पांढरें, याविषयीं मतभेद नव्हता. वाद माजला तो मुंडाशाचा व बंडीचा.

पहिली सूचना तांबड्या मुंडाशाची व हिरव्या बंडीची आली. ती निराधार नव्हती. फ्रान्समधील गोबेलँ या विख्यात विणकाम-कारखान्यांतील रंगकामाचा प्रमुख शेव्रल यानें १८३९ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं, शेजारशेजारचे रंग एकमेकांचें रूप पालटतात. तांबडा व हिरवा जवळ आले म्हणजे दोन्ही अधिकच खुलतात. श्रावणांतील हिरव्यागार घाटांत तांबडें मुंडासें किती शोभून दिसलें असतें!

परंतु ही कथा ज्यानें लिहिली, त्या आमच्या मित्रास तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नाहीं. हा कांहीं आळस नव्हे, कीं अज्ञानही नव्हे. ती त्याची जन्मजात दृष्टि आहे. इंग्लंडांतील सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यानें अशाच आपल्या दृष्टीचें वर्णन १७९४ सालीं मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढें वाचलें होतें. हा प्रकार मुलींपेक्षां मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. कारण त्याचें मूळ ज्या गुणसूत्रावर असतें, तें मुलांत एकच असतें.

आमचा मित्र शांतपणें म्हणाला, "तुम्हांला बरें दिसेल तसें करा. मला शब्द पुरेत." हें उत्तर आम्हांस पटेना. ज्यानें राघूस घाट चढविला, त्यालाच तो रानांत हरवलेला दिसावा, हा कोठला न्याय?

तेव्हां आम्ही पुनः विचारास बसलों. नायकास अमुकच रंग हवा असा कोठें नियम आहे काय? इंद्रजाल कॉमिक्समुळें मराठी वाचकांच्या ओळखीचा झालेला वेताळ १९३६ सालीं जन्मला तो काळ्यापांढऱ्या चित्रांत. १९३९ सालीं रविवारच्या रंगीत पानांत त्याचा वेष जांभळा झाला. स्वीडनमध्यें तो निळा, तर इटलींत तांबडा छापला गेला. वेताळ मात्र सर्वत्र वेताळच राहिला. आमच्याकडील नाट्यशास्त्रांत तांबडा रंग रौद्र रसास दिला आहे, आणि वीरास गौर. आमचा राघू धीराचा खरा. परंतु त्याच्या ठायीं क्रोधाचा लेशही नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानीं आली. राघूचा प्रवास बहुतेक तिन्हीसांजेनंतरचा. उजेड मंदावूं लागला म्हणजे तांबडा रंग इतरांच्या आधीं काळवंडतो, हें परकिंजे या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच नोंदविलें आहे. म्हणजे कथेंतील अर्ध्याअधिक चित्रांत तें तांबडें मुंडासें खरें पाहतां काळेंच दिसावयाचें.

शेवटीं मुंडासें हळदी व बंडी निळीची, असें ठरलें. रंग भरण्यापूर्वीं आम्हीं तेंच चित्र केवळ कोळशानें काढून पाहिलें. मुंडासें उजळ, बंडी गडद व रान त्या दोहोंच्या मधलें, असें तें साधलें. मग रंगीत नमुना भिंतीस लावून मित्रास दहा पावलांवर उभें केलें. त्यानें क्षणाचाही विलंब न लावतां राघूवर बोट ठेविलें आणि तो हंसला.

पुढची कल्पना त्याचीच. हळदीचा रंग उन्हांत टिकत नाहीं, हें घरोघरीं ठाऊक आहे. तो म्हणाला, "मग पहिल्या पानावरचें मुंडासें शेवटच्या पानावर तसेंच कसें राहील?" त्याच्या सांगण्याप्रमाणें आम्हीं पानोपानीं तें थोडथोडें फिकें करीत नेलें. अखेरचें पत्र पोंचतें तेव्हां मुंडाशावर पिवळेपणाची केवळ आठवण उरली आहे. राघूनें किती उन्हें सोसलीं, हें सांगावयास आम्हांस एकही वाक्य खर्चावें लागलें नाहीं. या बारीक छटा लावतांना त्याचा डोळा आम्हां दोघांच्याही पुढें धांवत होता.

म्हणून जो कोणी नवा नायक कल्पील, त्यास आमची एवढीच विनंति आहे. रंगाची पेटी उघडण्यापूर्वीं दोन प्रश्न स्वतःस विचारावे: हा कोणत्या उजेडांत उभा राहणार, आणि यास कोणकोणते डोळे पाहणार? आपल्या आवडीचा प्रश्न त्यानंतरचा. आणि तोंपर्यंत त्याचें उत्तर बहुधा आपोआपच मिळून गेलेलें असतें.