नावाखालच्या ओळी

पत्र लिहिणे ही एक कला आहे, असे सारेच म्हणतात. माझ्या मते खरी कला असते ती पत्र संपविण्यात. मायना ठरलेलाच असतो. वडीलधाऱ्यांना शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्यांना अनेक आशीर्वाद! पण मजकूर संपून खाली सही करायची वेळ आली, की या माणसाचे आपण कोण लागतो याचा निवाडा एकदोन शब्दांत करावा लागतो. 'आपला नम्र', 'तुझा', 'तुझीच'. त्या एका 'च'ने आजवर किती संसार उभे केले असतील!

आपले पूर्वज याबाबतीत मोठे काटेकोर. शिवकालीन पत्रांत वर शिक्का असे आणि मजकूर संपे तिथे मोर्तब. शिवाजीमहाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. पत्राची मर्यादा इथे झाली, याखाली कोणी काही घुसडू नये, हा त्याचा हेतू. आपण रोज वापरतो तो 'शिक्कामोर्तब' शब्द तिथलाच.

ई-मेलमध्ये मात्र मजकूर संपला, की पसारा सुरू होतो. एकदा संगणकाला सांगून ठेवले, की प्रत्येक पत्राखाली तो आपले नाव, हुद्दा, पत्ता आपणहून चिकटवतो. याला 'सिग्नेचर' म्हणतात. जाणत्यांनी तिलाही मर्यादा घातली होती. १९९५ साली निघालेल्या इंटरनेटवरील शिष्टाचाराच्या नियमावलीत, सही शक्यतो चार ओळींहून मोठी नसावी, असे सांगितले आहे.

पण ते पाळतो कोण? परवा माझ्या धाकट्या भावाची ई-मेल आली. तो पुण्याला एका कंपनीत असतो. आईला हल्ली कमी दिसते, म्हणून मी मोठ्याने वाचली. 'दादा, आईचा खोकला कसा आहे? दिवाळीला चार दिवस येतो.' एवढाच मजकूर. त्याखाली नाव, हुद्दा, कंपनीचा पत्ता, दोन दूरध्वनी. आणि हा मजकूर गोपनीय असून चुकून दुसऱ्याच्या हाती पडल्यास नष्ट करावा, अशी सहा ओळींची तंबी! आईने सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "अरे, पण 'तुझा' असं कुठंच लिहिलं नाही का त्यानं?"

काय सांगणार? "घाईत असेल," एवढेच म्हणालो. त्याचा तरी काय दोष? कंपनीची सही सर्वांच्याच पत्रांखाली आपोआप पडते.

पुढच्याच आठवड्यात मलाही सही करून घ्यावी लागली. शाळेचा काही पत्रव्यवहार माझ्याकडे आला होता. नववीतला एक मुलगा मदतीला बसला. त्याने जीमेलच्या सेटिंग्जमधला सहीचा चौकोन उघडला. अक्षरे ठळक करता येतात, रंगवता येतात, चित्रही घालता येते. "पण सर, चित्र प्रत्येकाला दिसेलच असं नाही. आणि मोबाईलवरची सही वेगळी भरावी लागते." मग त्याने विचारले, "सर, नावापुढे काय घालू?"

हा प्रश्न सोपा नव्हता. सहकाऱ्यांच्या नावांपुढे एम. ए., बी. एड. अशी अक्षरांची माळ असते. माझी मजल मॅट्रिकच्या पुढे गेली नाही. कादंबऱ्या लिहिल्या आहेत. पण आपणच 'कादंबरीकार' लिहायचे, म्हणजे आपल्याच हाताने गळ्यात हार घालून घेणे. शेवटी नाव, 'चित्रकला शिक्षक', शाळा आणि दूरध्वनी, अशा चारच ओळी घातल्या. रंग काळाच ठेवला.

"आणि घरच्या पत्राला ही नको असेल तर?" मी विचारले.

"सोपं आहे, सर."

नव्या पत्राला कुठली सही लावायची आणि उत्तराला कुठली, हे तिथेच निवडता येते. 'सही नको' हाही पर्याय असतो. मी दोन्हीकडे तोच निवडला. शाळेचे पत्र असेल तेव्हा लेखणीचे चिन्ह दाबून त्या चार ओळी बोलावून घ्यायच्या. मुलाने पान तळापर्यंत सरकवून 'सेव्ह' केले. त्याशिवाय सारी मेहनत वाया जाते.

संध्याकाळी भावाला आईचे उत्तर टंकून दिले. खाली काय लिहायचे, हे तिला विचारावे लागले नाही. 'तुझी आई'. ना हुद्दा, ना पदवी!

वाचकहो, या दिवाळीत तुम्हीही आप्तांना शुभेच्छा धाडाल. धाडण्यापूर्वी खाली एकवार नजर टाका. तिथे तुमचा हुद्दा उभा असेल, तर त्याला घटकाभर बाहेर बसवा आणि तुम्ही त्यांचे कोण, ते स्वतःच्या बोटांनी लिहा.