होडीत एक जागा रिकामी आहे

वाचकहो, मुला-नातवंडांकडे काही महिने राहण्यासाठी ब्रिटनला जाणारे आपल्यातले अनेक ज्येष्ठ एडिंबरोचा किल्ला पाहतात, एखाद्या सरोवरावर जाऊन येतात आणि उरलेले दिवस खिडकीशी बसून काढतात. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर गार वारा, आणि रस्त्यावर ओळखीचे कोणी नाही. अशा ज्येष्ठांसाठी, आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठीही, एका किनाऱ्याची ओळख करून द्यावी असे पुष्कळ दिवस मनात होते.

एडिंबरोहून उत्तरेस निघून फोर्थ खाडीवरचा पूल ओलांडला, की फाइफ परगणा लागतो. त्याच्या पूर्व टोकाला स्थानिक बोलीत ‘ईस्ट न्यूक’, म्हणजे पूर्वेचा कोपरा, असे म्हणतात. मोटारीने सव्वा ते दीड तासांची वाट. सेंट मोनन्स, पिटनवीम, ॲन्स्ट्रदर, क्रेल अशी लहान लहान बंदरे इथे एका ओळीत आहेत. दगडी घरे, त्यांवर लाल कौले, धक्क्यावर वाळत टाकलेली जाळी. कोकणातल्या माणसाला क्षणभर आपल्याच खाडीकाठी आल्यासारखे वाटावे. समोर समुद्रात मे नावाचे बेट दिसते. तिथे 1636 मध्ये कोळसा जाळून जहाजांना वाट दाखवणारे दीपगृह उभे राहिले. स्कॉटलंडमधले ते पहिले.

संग्रहालयातून निघालेली होडी

ॲन्स्ट्रदरच्या धक्क्यालगतच स्कॉटिश मत्स्यव्यवसाय संग्रहालय आहे. एके काळी हे बंदर हेरिंग या तारलीसारख्या मासळीसाठी प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती मासळी दुर्मीळ झाली, शिडाच्या होड्या संग्रहालयात गेल्या आणि किनाऱ्यावरच्या नव्या पिढीच्या हातातले वल्हे सुटले. फाइफमधले कोळसा खाणकामगारही पूर्वी स्वतः होड्या बांधून गावोगावच्या शर्यतींत उतरत असत. तीही प्रथा विरून गेली.

2009 मध्ये या संग्रहालयाने ती प्रथा पुन्हा सुरू करण्याचे मनावर घेतले. इयन ऑट्रेड या नामवंत रचनाकाराने फेअर बेटावरच्या जुन्या होडीवरून एका साध्या होडीचा आराखडा तयार केला. ॲलेक जॉर्डन यांनी तिच्या फळ्या यंत्रावर कापून संच बनवले. संग्रहालयाच्या जागी पूर्वी सेंट एल्स नावाचे एक प्रार्थनास्थळ होते, म्हणून होडीचे नाव ‘सेंट एल्स स्किफ’. अट अशी, की गावाने संच आणावा आणि होडी आपल्या हातांनी बांधावी. मग कुठे शेतावरच्या गोठ्यात, कुठे रिकाम्या गोदामात निवृत्त शिक्षक, परिचारिका, सुतार, गृहिणी आणि शाळकरी मुले फळीवर फळीची कड चढवून होड्या बांधू लागली. 2010 च्या मे महिन्यात ॲन्स्ट्रदरला पहिली शर्यत झाली. 2013 मध्ये उल्लापूल येथे या होड्यांचा पहिला जागतिक मेळावा भरला. आज स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गावोगावी अशी मंडळे आहेत, आणि ही होडी नेदरलँड्स, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली आहे. मंडळे चालवतात ते स्वयंसेवक. शर्यतींत तरुणांबरोबर चाळीस, पन्नास आणि साठ वर्षांपुढील वल्हेकऱ्यांचेही वेगळे गट असतात.

होडी 22 फूट लांबीची. चार वल्हेकरी, प्रत्येकाच्या हाती एकच लांब वल्हे, आणि पाचवा सुकाणू धरणारा. वल्हेकरी पाठमोरे बसतात. आपण कुठे चाललो आहोत ते त्यांना दिसत नाही. ते दिसते फक्त सुकाणूवाल्याला. मागच्याने पुढच्याच्या पाठीकडे पाहून लय धरायची. एकाने वल्हे थांबवले, की होडी लगेच एका बाजूला वळते. कोणाच्याही वाचून अडत नाही अशी जागा या होडीत नाही, आणि माझ्या मते हेच तिचे औषध आहे.

धक्क्यावरचा प्रश्न

माझे वडील, अप्पा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी वाढले. शाळेत जायला तरीने पलीकडे जावे लागे, आणि तरीवाला दमला की वल्हे हाती घेण्याचा मान मोठ्या मुलांना मिळे. आई गेल्यावर, वयाच्या 76 व्या वर्षी, ते माझ्याबरोबर काही महिने एडिंबरोला राहायला आले. गुडघे कुरकुरणारे, रक्तदाबाची रोजची गोळी, आणि बोलणे जवळजवळ थांबलेले. एका रविवारी त्यांना या किनाऱ्यावर घेऊन गेले. एका लहान बंदरात दहाबारा माणसे चाकांच्या गाड्यावरून होडी उतारावर आणत होती. आम्ही थांबून पाहू लागलो.

त्यांतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “एक जागा रिकामी आहे. तुमच्या वडिलांना बसायचे आहे का?”

मी तत्काळ उत्तरले, “नको, त्यांना नाही जमणार. गुडघे दुखतात.”

बाईंनी मान डोलावली, आणि मग अप्पांकडे वळून तोच प्रश्न त्यांना सावकाश, पुन्हा एकदा विचारला.

वाचकहो, त्या क्षणी मला जी लाज वाटली ती तुमच्यापासून लपवत नाही. गेले वर्षभर डॉक्टरांच्या खोलीत, दुकानात, पाहुण्यांसमोर, सगळीकडे अप्पांच्या वतीने मीच उत्तरे देत होते. मायेने देत होते, पण देत होते. त्यांना काय हवे आहे हे त्यांनाच विचारायचे मी विसरून गेले होते.

अप्पांनी त्या दिवशी नकारच दिला. मात्र होडीच्या काठाकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, “खुंटी बघ. आपल्याकडे असते तशीच.” बाईंना ते सांगितल्यावर त्यांनी होडीचा दोर अप्पांच्या हाती दिला. “माणसे चढेपर्यंत होडी हलू देऊ नका. हे काम फार महत्त्वाचे आहे.” ते खरोखरच महत्त्वाचे होते, उतारावर शेवाळ होते आणि चढणाऱ्यांत दोघे सत्तरीपुढचे. अप्पांनी दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

पुढच्या रविवारीही दोर त्यांच्याकडेच होता, आणि परतल्यावर ओली जीवरक्षक जाकिटे वाळत घालण्याचे कामही. तिसऱ्या रविवारी समुद्र अगदी शांत होता. दोघांनी दोन्ही बाजूंनी आधार दिला, अप्पा होडीत उतरले आणि बंदराच्या आत वीस मिनिटे त्यांनी वल्हे मारले. लय दोनदा चुकली. कोणी काही बोलले नाही; होडी थांबवली आणि पुन्हा सुरू केली. गाडीत बसल्यावर अप्पांनी विचारले, “पुढच्या रविवारी भरती किती वाजता आहे?”

या बंदरांतले पाणी ओहोटीला आटते, त्यामुळे सरावाची वेळ भरतीवर ठरते. हे त्यांनी कधी टिपून ठेवले होते, मला कळलेही नव्हते.

वल्हे शरीराला काय देते

वल्हवणे हे हातांचे काम आहे असा समज असतो. खरे बळ पायांतून आणि पाठीतून येते. पाय आडव्या पट्टीला टेकवून शरीर मागे न्यायचे, हात शेवटी. या होडीतली बैठक स्थिर असते, शर्यतीच्या अरुंद नावेतल्यासारखी मागेपुढे सरकत नाही. त्यामुळे गुडघे फार दुमडावे लागत नाहीत, आणि सांध्यांवर आदळआपटही होत नाही. दम, पाठीचे स्नायू, हाताची पकड आणि तोल या चारही गोष्टींना व्यायाम मिळतो. 65 वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शक्य तेवढे करावे, हे त्यात गृहीतच आहे.

दृष्टी अधू असलेल्यालाही वल्हे मारता येते, कारण लय कानांनी धरता येते. ज्याला वल्हे झेपत नाही तो शिकून सुकाणू धरू शकतो. ज्याला होडीत उतरणेच शक्य नाही त्याला काठावर लाकूड घासणे, रंग देणे, वेळापत्रक लावणे, चहा करणे अशी कामे असतात. तो पाहुणा नसतो, सभासद असतो.

जाण्यापूर्वी ध्यानात ठेवा

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया, हर्निया, मणक्याचे अस्थिभंग किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते मंडळाला सांगून ठेवावे; होडीत लहानसहान मार लागतातच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर बाळगावी, कारण श्रमाने रक्तातील साखर उतरू शकते. वल्हे ओढताना श्वास सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

वल्हवण्यापेक्षा होडीत चढणे-उतरणे अधिक जोखमीचे असते. तळव्याची पकड घट्ट असलेली पादत्राणे घालावीत, आणि आधार मागण्यात संकोच करू नये. तिकडचा समुद्र ऐन उन्हाळ्यातही थंडगार असतो, म्हणून लोकरी कपडे घालावेत आणि जीवरक्षक जाकीट एक क्षणही काढू नये. प्रत्येक बंदरात चाकांच्या खुर्चीची सोय नाही. तशी गरज असल्यास आधी चौकशी करून जावे. वारा वाढला की सराव रद्द होतो. त्याबद्दल रुसू नये.

आणि आपल्या घरी

आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी असे मंडळ नाही, आणि वल्हे मारण्यासाठी कोणी एवढ्या दूर जावे असे माझे सांगणेही नाही. अप्पा आता परत आले आहेत. आमच्या सोसायटीच्या वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे असते; पाच वाजता ते गेले नाहीत तर दार उघडत नाही. साडेचारलाच ते चप्पल शोधू लागतात.

ज्येष्ठांना औषध वेळेवर द्यायला हवे, उन्हातून फिरवून आणायला हवे, हे आपण जाणतो. त्याबरोबर त्यांच्या हाती एखादा दोरही द्यायला हवा; ज्याने खरोखर काही धरून ठेवले जाते, असा. तो कोणता असावा हे आपणच ठरवून टाकू नये. त्यांच्याकडे वळून, सावकाश, त्यांनाच विचारावे. पहिले उत्तर “नको” आले, तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारावे.