मेणातली घडण

सोन्याच्या दागिन्यांत आपण दोन जाती मानतो, घडीव आणि ओतीव. घडीव म्हणजे हातोडी-कानशीखालून आलेला, ओतीव म्हणजे साच्यातून निघालेला. ‘कास्टिंगचा माल’ एवढं कानावर पडलं की गिऱ्हाईक घडणावळीवरून घासाघीस सुरू करतं. ही रेघ चुकीच्या जागी ओढली आहे, असं माझं मत आहे. एका माणसासाठी, एकदाच ओतलेला सोन्याचा ब्रोच हा तोड्या-पाटल्यांइतकाच हाताने घडवलेला असतो. त्याची बरीचशी घडण सोनं वितळण्याआधी, मेणातच झालेली असते.

मेणाला संस्कृतात मधूच्छिष्ट म्हणतात, मध काढून घेतल्यावर मागे राहिलेलं उष्टं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्ती ओतण्याची कृती सांगितली, ती या मेणावरच उभी आहे. मेणाची प्रतिमा करायची, तिच्यावर मातीचे थर चढवायचे, तापवून मेण वाहू द्यायचं आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. तिथे वजनाचा हिशेबही दिला आहे: सोन्यासाठी मेणाच्या सोळापट. आजच्या 18 कॅरेट सोन्यालाही तो जवळजवळ तसाच लागू पडतो. म्हणजे ब्रोचसाठी सव्वा ग्रॅम मेणाचं पान केलं, तर पदरावर सुमारे 20 ग्रॅम सोनं लटकणार, आणि रेशमाचा पोत ओढला जाणार. म्हणून कारागीर मेणाचं पान पाठीमागून कोरत कोरत पोकळ करतो. कड इतकी पातळ ठेवायची की डोळ्याला नाजूक दिसावी, पण इतकीही नाही की सोनं तिथवर पोचण्याआधीच गोठावं. पिनेची जागा मध्यरेषेच्या थोडी वर धरायची, नाहीतर ब्रोच पुढे कलंडतो. वितळलेलं सोनं कुठून आत शिरेल, त्या नळीची जागाही मेणातच ठरते. यातला प्रत्येक निर्णय बोटांचा आहे. पुढे प्लॅस्टरच्या साच्यात ते मेण 700 अंशांच्या आसपास जळून जातं, आणि सोनं नीट भरलं नाही तर दाखवायला मूळ नमुनाही उरत नाही. हातोडीचा घाव चुकला तर पुष्कळदा सावरता येतो. इथे सगळं पुन्हा मेणापासून.

जुने सोनार यावर एक खरा आक्षेप घेतील. ठोकलेलं सोनं घट्ट होतं, ओतलेल्यात सूक्ष्म छिद्रं राहू शकतात, ते तुलनेने मऊ असतं. हे मान्यच केलं पाहिजे. म्हणून तर चांगल्या ब्रोचची पिन कधी ओतत नाहीत. ती जंत्रीतून ओढून कडक केलेल्या तारेची करतात, कारण ओतीव पिन एकदा वाकली की परत उसळी घेत नाही. पण पिनेला ताण सोसायचा असतो, पानाला फक्त आकार धरायचा असतो. पाकळीचा भरदार उठाव, खालून कापलेली कड हे पत्रा ठोकून साधणं फार कठीण, मेणात ते सहज येतं. ज्या भागाचं जे काम, त्याला ती रीत.

ओतकामाची बदनामी झाली ती वेगळ्या कारणाने. विसाव्या शतकात रबरी साचा आला. त्यात एकाच नमुन्यावरून मेणाच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात, आणि ओतीव दागिना डझनाने निघू लागला. या पद्धतीचं युंगरसन यांनी घेतलेलं पेटंट 1949 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवलं. त्यात खरं नवं फारसं काही नाही, हे दाखवताना न्यायालय थेट सोळाव्या शतकातल्या बेन्वेनुतो चेल्लिनीने लिहून ठेवलेल्या कृतीपर्यंत मागे गेलं. ओतणं जुनंच होतं. प्रती मात्र आता अगणित निघत होत्या. आपल्याला खटकते ती ही आवृत्ती, आणि दोष मात्र आपण ओतण्याला देतो.

आता तर संगणकावर आराखडा करून यंत्र मेण छापून देतं, तेही हातापेक्षा अचूक. मग बोटांचा आग्रह कशाला? संगणकावर काम करणाराही कष्ट घेतो, निर्णय घेतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण पडद्यावर वीतभर दिसणारी शीर प्रत्यक्षात चार सेंटिमीटरच्या पानावर केसाएवढी असते, आणि कानस व उजाळा यांतून जाताना पुसली जाते. मेण हातात धरणारा ते पान पहिल्यापासून खऱ्या मापात पाहत असतो. कुठली शीर ठळक ठेवायची आणि कुठली सोडून द्यायची, हे त्याला तिथेच कळतं. ब्रोचच्या बाबतीत हा फरक मला निर्णायक वाटतो.

कधी ब्रोच करून घ्याल, तेव्हा घडणावळीचा आकडा ऐकल्यावर दोन गोष्टी करा. तो उलटा करून पाठीवरची कोरणी पाहा, आणि रबरी साचा काढून ठेवला आहे का ते विचारा. नसेल, तर घासाघीस करू नका.