काकुमचा झुलता पूल आणि अम्मीचा प्रश्न

नोकरीमुळे मी घानाच्या राजधानीत, अक्रा इथे राहतो. मागच्या डिसेंबरात अम्मी रत्नागिरीहून दोन महिन्यांसाठी आली. तिला काय दाखवावं, असा विचार करताना काकुमचं जंगल आठवलं. केप कोस्ट शहरापासून ते साधारण 30 किलोमीटर उत्तरेला आहे. 1995 मध्ये तिथे झाडांच्या शेंड्यांना बांधलेले सात झुलते पूल तयार झाले. सगळे मिळून सुमारे 350 मीटर लांब, आणि काही ठिकाणी जमिनीपासून 40 मीटर उंच.

पहिल्या पुलावर पाय ठेवला आणि माझे गुडघे थरथरू लागले. पायाखाली जेमतेम एक पाऊल मावेल एवढी फळी, दोन्ही बाजूंना जाळी, वर तारेचे दोर. मधोमध गेल्यावर पूल असा डुलू लागला की मी दोर घट्ट पकडून तिथेच थांबलो. मागून अम्मीचा आवाज आला, "अरे, चल की! इथेच ही गत, तर पुलसिरातवर काय करशील?"

कयामतीच्या दिवशी केसाहून बारीक असा एक पूल ओलांडायचा आहे, हे आम्ही लहानपणी तिच्याकडूनच ऐकलेलं. मला हसू आलं आणि पाय सुटले. अम्मीला भीती नव्हती. तिची उभी हयात पावसाळ्यात डोक्यावर ओझं घेऊन पऱ्ह्यावरचा साकव ओलांडण्यात गेली होती.

दोन पुलांमध्ये झाडाच्या खोडाभोवती लाकडी माच असतो. तिथे टेकलो. खाली जमीन दिसतच नव्हती, नुसता हिरवा समुद्र. मी फोटो काढत होतो. अम्मीने वाटाड्याला विचारायला लावलं, "खाली कोण राहतं?"

"हत्ती आहेत," तो म्हणाला. "पण माणसांच्या आवाजाने दिवसा जवळ येत नाहीत."

"हत्ती नाही. माणसं."

तो थोडा थांबला. मग सांगू लागला. त्याचे वडील याच रानात शिकार करायचे, खाण्याच्या मोठ्या गोगलगायी आणि औषधी साली गोळा करायचे. 1992 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि ते सगळं बंद झालं. आता जंगलाला लागून त्यांची कोकोची आणि मक्याची शेती आहे. रात्री हत्ती येतात आणि वर्षभराची मेहनत एका रात्रीत तुडवून जातात. काही शेतकरी दोरांना ग्रीस आणि मिरचीपूड फासून शेताभोवती बांधतात. हत्तीला मिरचीचा वास सोसत नाही. पण पाऊस पडला की ते पुन्हा लावावं लागतं.

मी अम्मीला सगळं मराठीत सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "आपल्याकडे डुकरं आणि माकडं. याच्याकडे हत्ती."

मला एक जुना फोन आठवला. रानडुकरांनी भात लोळवलं, माकडांनी नारळ ठेवले नाहीत, असं अम्मी रडवेल्या आवाजात सांगत होती, आणि मी इथून तिला समजावत होतो, "अम्मी, ती त्यांचीही जागा आहे. जंगल वाचलं पाहिजे." पुढच्या वर्षी तिने वरचा वाफा पेरलाच नाही. तो आजही पडीक आहे. मी कारण विचारलं नव्हतं.

जंगल वाचलं पाहिजे, हे मी आजही म्हणेन. काकुम राखलं नसतं तर ही झाडंच राहिली नसती, मग पूल कशाला बांधणार? पण ते वाचवण्याची किंमत कोण देतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिकीट काढून अर्धा तास वरून चाललो. वाटाड्याच्या घरचे रात्रभर खाली जागतात.

शेवटचा पूल उतरल्यावर अम्मीने पदराच्या गाठीतून पैसे काढून वाटाड्याच्या हातात ठेवले. तो नको म्हणत होता. "मिरचीला," ती मराठीतच म्हणाली. मी त्याला अर्थ सांगितला.

परतीच्या वाटेवर गाडीत मी तिला विचारलं, "वरच्या वाफ्याला कुंपण घालायला किती खर्च येईल?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "आता विचारतोयस?"