पावलांची यादी नको, मुखवटे बघा



अखेर देरामध्ये सकाळी सातला बाहेर उभं राहता येऊ लागलंय. उन्हाळाभर सिटी सेंटरच्या एसीत फेऱ्या मारून आपण कंटाळलो होतो, आता खाडीकाठचं रविवारचं चालणं पुन्हा सुरू. दुबई फिटनेस चॅलेंजचे दिवसही आले. २०१७ पासून दरवर्षी असतं, तीस दिवस रोज तीस मिनिटं व्यायाम. त्या निमित्ताने ग्रुपवर सूचना आलीय की रोज प्रत्येकाची पावलं मोजून यादी टाकावी, पहिल्या तिघांना बक्षीस.

मला विचाराल तर नको. का ते सांगते. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहितेय.

गेल्या हिवाळ्यात आपल्यातले एक भाऊजी तीन रविवार दिसले नाहीत. ग्रुपवर मात्र रोज हजर! सुप्रभात, प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक, सगळं वेळेवर. बायको आणि मुलगा चालायला यायचे. गलबतांवर माल चढताना बघत पोरं उभी होती, तेव्हा तो सात वर्षांचा मुलगा माझ्या लेकीला म्हणाला, "आमचा डबा आता बाबाच भरतो. तो ऑफिसला जातच नाही." संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना लेकीने सहज सांगितलं.

आता परदेशात राहणाऱ्यांना यातलं वेगळं काय सांगायचं? व्हिसा नोकरीवर, बायकामुलांचा व्हिसा त्या व्हिसावर, आणि घरभाड्याचे चेक आधीच दिलेले. माणूस कुणालाच सांगत नाही. कोल्हापूरला आईवडिलांना तर नाहीच नाही. आणि पोरांना वाटतं, बाबा घरी आहे म्हणजे मज्जा.

नवऱ्याने फोन केला, नोकरीचा विषय न काढता चहाला बोलावलं. दुसऱ्या कपाला ते बोलले. नोकरी जाऊन एकोणीस दिवस झाले होते. बेरोजगारी विम्याचा हप्ता ते नेमाने भरत होते (जानेवारी २०२३ पासून तो सक्तीचा आहे, मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम, वर असेल तर १०), पण नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत दावा करायचा असतो हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. अकरा दिवस उरले होते. त्याच रात्री लॅपटॉप उघडून दोघांनी अर्ज भरला. मूळ पगाराच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. सलग बारा महिने हप्ते भरलेले हवेत, आणि स्वतः राजीनामा दिला असेल किंवा शिस्तभंगासाठी काढलं असेल तर मिळत नाही. फार मोठी रक्कम नव्हे, पण शाळेची फी त्यातून गेली.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, वर्गणी काढू. मनापासूनच म्हणालं. पण इथे परवानगीशिवाय पैसे गोळा करता येत नाहीत, २०२१ चा कायदा आहे, आणि व्हॉट्सॲपवर केलेलं आवाहनही त्यातच धरतात. ग्रुपवर असा निरोप कुणीही टाकू नका, कितीही कळवळा असला तरी. मग आपण काय केलं? एकाने मुलाची शाळेची ने-आण उचलली, एकीने सीव्ही नीट करून दिला, दोन घरांतून आलटूनपालटून जेवण गेलं. ते घेताना भाऊजींना जड गेलं, हेही खरंच. दोन वेळा त्यांनी डबा भरून परत पाठवला, साबुदाण्याची खिचडी. चांगली करतात हो!

पावलांच्या यादीत ते तेव्हा शून्यावर असते, आणि आपण म्हणालो असतो, आळशी झालाय. म्हणून माझी विनंती, यादी हवी त्यांनी खुशाल वेगळी करा. रविवारी मात्र चालताना बघायचं, कोण आलं नाही. दोनदा दिसलं नाही की फोन करायचा. ग्रुपवर नाही, फोन.

आता इतर बातम्या. ते भाऊजी शारजात नव्या नोकरीत रुळलेत, रविवारी येणार आहेत. सांगलीहून आलेल्या आजी गुरुवारी संध्याकाळी मुलांकडून सूर्यनमस्कार घालून घेतात. अट एकच, मोजायचं मराठीत. गाडी एकोणीसला अडते, पोरं "दहानऊ" म्हणून पुढे पळतात. ज्यांचे आईवडील व्हिजिटवर आलेत आणि दिवसभर फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसतात, त्यांनी त्यांनाही पाठवा. खुर्चीवर बसून करायचे प्रकार आजींनी त्यांच्यासाठी वेगळे काढलेत.

रविवारी पावणेसात, ओल्ड सूकच्या अब्रा धक्क्यापाशी. पाणी आणा. परत येताना एक दिरहमची अब्राची फेरी पोरांना कबूल केलीय, सुटे ठेवा.